आमवातातील दाह आणि पेशीमृत्यू : रक्तातील दर्शक काय सांगतात आणि कुठे थांबतात

पेशीवाचक (धागालेखक)

आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असलेल्या रुग्णांच्या रक्तात दाहाचे आणि पेशीमृत्यूचे दर्शक एकाच वेळी मोजून त्यांचा परस्परसंबंध शोधणारे बरेच संशोधन सध्या प्रसिद्ध होत असते. त्याची बातमी होईपर्यंत ‘रक्ताच्या थेंबावरून सांध्यांचे भविष्य’ अशा थाटाचा मथळा तयार झालेला असतो आणि मग रुग्ण ती चाचणी कुठे करून मिळेल याची चौकशी करू लागतात. म्हणून हा विषय मुळापासून मांडावा असे वाटले. जाणकारांनी भर घालावी. स्वतःच्या औषधांच्या मात्रेविषयीचे प्रश्न मात्र कृपया आपापल्या डॉक्टरांकडेच न्यावेत.

दाहाची बाजू जुनी आहे आणि तुलनेने पक्क्या पायावर उभी आहे. सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. सांध्यांशी त्याचा तेव्हा काहीच संबंध नव्हता. आमवातात सांध्याच्या अस्तरातील पेशी इंटरल्यूकिन-६ हे निरोप्या प्रथिन सोडतात, ते रक्तावाटे यकृतापर्यंत जाते आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. म्हणजे अहवालात दिसणारा आकडा हा सांध्याने पाठवलेल्या निरोपाला यकृताने दिलेला प्रतिसाद असतो. सीआरपीचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्यामुळे दाह ओसरला की तो काही दिवसांत खाली येतो. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, त्याहूनही आडवळणाने बोलतो. रक्तात फायब्रिनोजेन वाढले की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि नळीत लवकर खाली बसतात; हा वेग आपण मिलिमीटर प्रति तास असा मोजतो. फायब्रिनोजेन सावकाश उतरते, त्यामुळे ईएसआरही सावकाश उतरतो, शिवाय वय, रक्तक्षय आणि गर्भारपण यांमुळे तो मुळातच वाढलेला असू शकतो.

पेशीमृत्यूची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ॲपॉप्टोसिसचे वर्णन केले. या प्रकारात पेशी शिस्तीने मोडते. तिचे आवरण शेवटपर्यंत शाबूत राहते, आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा घटक बाहेरच्या पृष्ठभागावर येतो, तो ओळखून मॅक्रोफेज या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात आणि आसपास दाह होत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला नेक्रोसिस आहे. त्यात आवरण फुटते आणि एचएमजीबी-१, एटीपी, डीएनए असा सगळा ऐवज बाहेर सांडतो, ज्याला प्रतिकारसंस्था धोक्याचा इशारा समजते. या दोहोंच्या मध्ये आता नेक्रॉप्टोसिस, पायरॉप्टोसिस आणि नेटोसिस हे नियंत्रित, पण दाहकारक मृत्यूचे प्रकार येऊन बसले आहेत.

आमवाताच्या सांध्यात यांतले काय घडते, हे पाहिले की खरी गंमत कळते. अस्तरातील फायब्रोब्लास्ट पेशी मरायला हव्यात तेव्हा मरत नाहीत. ॲपॉप्टोसिस रोखणारी बीसीएल-२ आणि फ्लिप यांसारखी प्रथिने त्यांच्यात वाढलेली असतात. फॅस या मृत्युसंदेशग्राहकाचे विरघळलेले रूप संधिद्रवात तरंगत राहून संदेश मध्येच अडवते. आणि काही रुग्णांच्या अस्तरात बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या पी-५३ या जनुकात उत्परिवर्तने आढळल्याचे १९९७ पासून नोंदले गेले आहे. परिणामी एरवी एकदोन पेशींच्या जाडीचे असणारे अस्तर जाड होत जाते, त्याचा पॅनस बनतो आणि तो कूर्चा व हाड पोखरतो. त्याच सांध्याच्या पोकळीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र प्रचंड संख्येने येतात आणि त्यांतल्या बऱ्याच अव्यवस्थितपणे मरतात. एकाच सांध्यात एका जातीच्या पेशींचा मृत्यू अपुरा आणि दुसऱ्या जातीच्या पेशींचा मृत्यू दाहकारक, अशी ही स्थिती आहे.

त्यामुळे माझे म्हणणे असे, की आमवातात ‘पेशी किती मेल्या’ हा प्रश्न अपुरा पडतो. कोणती पेशी मेली, कोणत्या रीतीने मेली आणि तिचे अवशेष वेळेत उचलले गेले का, हे कळल्याशिवाय रक्तातील पेशीमृत्यूच्या आकड्याला अर्थ येत नाही, आणि आज हाताशी असलेले बहुतेक दर्शक या तीन प्रश्नांपैकी जेमतेम एकाचे उत्तर देतात.

सांधेकरी

अतिशय सविस्तर मांडणी. मी स्वतः आमवाताची रुग्ण आहे. माझा अनुभव असा, की सीआरपी मर्यादेच्या आत असतानाही सकाळी बोटे तासाभराहून अधिक काळ आखडलेली असतात आणि मधली पेरे सुजलेली असतात. एकदा अहवाल पाहूनच ‘आता सगळे ठीक आहे’ असे मला सांगण्यात आले होते. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिले आणि उपचार बदलले. अशा वेळी रुग्णाने अहवालावर विश्वास ठेवावा की स्वतःच्या हातांवर? आणि सूज असूनही सीआरपी वाढत नसेल, तर तो निरोप यकृतापर्यंत पोहोचतच नाही असे समजायचे का?

वातचिकित्सक

सांधेकरी ताई, आपल्या शेवटच्या वाक्यात बरेचसे उत्तर आहे. रोग मोजक्या लहान सांध्यांपुरता असेल, तर तेथे तयार होणारे इंटरल्यूकिन-६ रक्तात इतके मिसळत नाही की यकृताने दखल घ्यावी. सक्रिय आमवात असूनही सीआरपी आणि ईएसआर दोन्ही मर्यादेत आहेत, असे रुग्ण आमच्याकडे नियमित येतात. वर्गीकरणाचे निकष ठरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवलेले आहे. २०१० च्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांच्या संयुक्त निकषांत एकूण दहापैकी सहा गुण लागतात. त्यांतले पाचपर्यंत गुण सांध्यांच्या संख्येला आणि आकाराला, तीनपर्यंत प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना), एक सहा आठवड्यांच्या कालावधीला आणि सीआरपी व ईएसआर यांना मिळून फक्त एक गुण आहे.

उपचार चालू असताना आम्ही डीएएस-२८ हा निर्देशांक वापरतो. त्यात अठ्ठावीस सांधे हाताने तपासून दुखरे किती आणि सुजलेले किती हे मोजतात, त्यात ईएसआर किंवा सीआरपी आणि रुग्णाचे स्वतःचे मूल्यमापन मिसळतात. २.६ च्या खाली आकडा आला तर रोग शमला असे मानतात आणि ५.१ च्या वर गेला तर तीव्र. या अठ्ठावीस सांध्यांत पावलांचे सांधे धरलेले नाहीत, त्यामुळे ज्यांचा रोग मुख्यतः पावलांत आहे त्यांचा आकडा फसवा निघू शकतो. ज्यांना रक्ततपासणीवर अजिबात अवलंबून राहायचे नाही, त्यांच्यासाठी सीडीएआय हा निव्वळ तपासणीवर आधारलेला निर्देशांक आहे आणि मला तो बाह्यरुग्ण विभागात अधिक सोयीचा वाटतो. शंका राहिली तर अल्ट्रासाउंडवर अस्तरातला वाढलेला रक्तप्रवाह थेट दिसतो.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती अधिक धोक्याची आहे. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ चा ग्राहकच बंद करते. ते घेणाऱ्या रुग्णाचा सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो, मग सांधे सुधारले असोत वा नसोत. अशा रुग्णाला गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी न वाढण्याची शक्यता असते. म्हणून हे औषध चालू असताना ताप, धाप लागणे किंवा पोटात अचानक दुखणे याकडे ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. पेशीच्या आत हाच निरोप अडवणाऱ्या जेएके रोधक गोळ्यांमध्येही हा परिणाम काही प्रमाणात दिसतो.

नलिका

मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे थोडे नमुन्यांविषयी. धागालेखकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न येतो, तो म्हणजे मोजलेला पेशीमृत्यू रुग्णाच्या शरीरात झाला की आमच्या नळीत?

रक्तातील मुक्त डीएनए हा पेशीमृत्यूचा सर्वांत अधिक मोजला जाणारा दर्शक आहे. तो सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, मोजला तर प्लाझ्मापेक्षा, म्हणजे न गोठू दिलेल्या रक्तातील द्रवापेक्षा, बराच जास्त येतो, कारण रक्त गोठत असताना नळीतल्याच पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए नमुन्यात उतरतो. ईडीटीएच्या जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतले, पण ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवण्याआधी कित्येक तास टेबलावर राहिली, तरी तोच प्रकार घडतो. म्हणून नीट केलेल्या अभ्यासात नमुना लवकर फिरवतात, वरचा प्लाझ्मा तळाला धक्का न लावता काढून घेतात, उरलीसुरली पेशी राहू नये म्हणून अधिक वेगाने पुन्हा एकदा फिरवतात आणि मगच गोठवतात. लॅक्टेट डिहायड्रोजेनेज, म्हणजे एलडीएच, या पेशींच्या आतल्या विकराची (एन्झाइमची) गोष्ट अशीच आहे. सुई बारीक होती, पिस्टन जोरात ओढला, तांबड्या पेशी फुटल्या आणि प्लाझ्मा गुलाबी झाला, की एलडीएच वाढलेला येणारच. त्याचा सांध्यांशी काही संबंध नाही.

ईएसआरसुद्धा दिसतो तितका बिनचूक नसतो. वेस्टरग्रेनची नळी स्टँडमध्ये किंचित तिरकी बसली तरी पेशी खालच्या बाजूच्या भिंतीवरून घसरत जातात आणि आकडा वाढतो. यंत्राच्या कंपनांनीही फरक पडतो. एखाद्याचा ईएसआर सीआरपीशी अगदीच विसंगत आला, तर आम्ही आधी नळी पाहतो.

शंकासुर

चर्चा चांगली चालली आहे, पण मला दोन ठिकाणी तर्क जुळत नाही. टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) या दाहकारक प्रथिनाच्या नावातच गाठीच्या पेशी मारण्याचा उल्लेख आहे. सांध्यात तो भरपूर असतो, हे सर्वमान्य आहे. मग त्याच्या सान्निध्यात असणाऱ्या फायब्रोब्लास्ट मरत का नाहीत? आणि फायब्रोब्लास्टचा मृत्यू कमी पडतो हाच रोगाचा गाभा असेल, तर टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी रोग बळावायला हवा होता. प्रत्यक्षात तर त्या औषधांनी रुग्ण सुधारतात.

पेशीवाचक (धागालेखक)

शंकासुर, हा आक्षेप नेमक्या जागी बसणारा आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

टीएनएफ त्याच्या पहिल्या ग्राहकाला चिकटला की पेशीच्या आवरणाला लागून प्रथिनांचा एक संच जमतो. या संचातून साधारणतः एनएफ-कॅप्पा-बी हा मार्ग सुरू होतो, जो पेशीला ‘जगा आणि दाहकारक प्रथिने तयार करा’ अशी आज्ञा देतो. हा मार्ग काही कारणाने अडला तरच तोच संच रूप बदलून पेशीच्या आत सरकतो आणि कॅस्पेज-८ हे विकर जागे होऊन ॲपॉप्टोसिस होतो. कॅस्पेज-८ देखील अडवले गेले, तर आरआयपीके-१, आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही साखळी चालू होते, एमएलकेएल पेशीच्या आवरणाला भोके पाडतो आणि नेक्रॉप्टोसिस होतो. म्हणजे टीएनएफपुढे पेशीला तीन वाटा असतात. आमवाताच्या फायब्रोब्लास्टमध्ये एनएफ-कॅप्पा-बी सतत पेटलेला असल्यामुळे पहिली वाट रुंद आणि इतर दोन अरुंद झालेल्या असतात. त्या पेशीसाठी टीएनएफ हा पोशिंदाच ठरतो. औषधाने तो अडवला की इंटरल्यूकिन-६ आणि इतर दाहकारक प्रथिनांचा ओघ आटतो, नव्या पांढऱ्या पेशी सांध्यात येणे कमी होते, आणि रुग्ण सुधारतो. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांच्या गटाने १९९२ मध्ये आमवाताच्या रुग्णांवर टीएनएफविरोधी प्रतिपिंडाचा पहिला प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांचा आधार हाच होता, की दाहकारक प्रथिनांच्या उतरंडीत टीएनएफ सर्वांत वर आहे.

पेशीमृत्यूच्या वाटेवरच थेट उपचार करण्याचा प्रयत्नही झालेला आहे. आरआयपीके-१ अडवणारी गोळी आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आली. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आशादायक होते, तरी रुग्णांत तिचा म्हणण्याजोगा लाभ दिसला नाही. यावरून नेक्रॉप्टोसिसचा आमवाताशी संबंधच नाही असा निष्कर्ष मी काढणार नाही, पण ‘दर्शक वाढलेला दिसतो, म्हणजे तोच कारण आहे’ ही उडी किती महागात पडू शकते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

उलट रिटुक्सिमॅबकडे पाहा. ते औषध सीडी-२० हे चिन्ह असलेल्या बी-पेशींना ठरवून मारते आणि आमवातात, विशेषतः प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांत, उपयोगी पडते. तेथे पेशीमृत्यू हाच उपचार आहे.

वातचिकित्सक

यात औषधांविषयी एक पुरवणी. स्टिरॉइडमुळे लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल यांचा ॲपॉप्टोसिस वाढतो, पण न्यूट्रोफिलचा ॲपॉप्टोसिस लांबतो. त्यामुळे प्रेडनिसोलोन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर तो नेहमीच जंतुसंसर्ग नसतो. पेशीमृत्यूचे दर्शक मोजणाऱ्या अभ्यासात काही रुग्ण स्टिरॉइडवर, काही आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणारे आणि काही नुकतेच निदान झालेले असे मिसळलेले असतील, तर आलेला आकडा रोगाचा आहे की औषधाचा हे सांगणे अवघड होते. कोणताही असा शोधनिबंध हाती घेतला की मी आधी रुग्णांची औषधे कोणत्या तक्त्यात दिली आहेत ते शोधतो.

सूक्ष्मदर्शी

नेटोसिसचा उल्लेख ओझरता झाला आहे. माझ्या मते आमवातातील पेशीमृत्यूचा सर्वांत महत्त्वाचा धागा तोच आहे, म्हणून लिहितो.

निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज शंभर अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल तयार होतात आणि त्यांतले बहुतेक अल्पावधीत ॲपॉप्टोसिसने निमूटपणे संपतात. २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील गटाने दाखवले, की न्यूट्रोफिल जंतूंना पकडण्यासाठी स्वतःचा डीएनए उलगडून जाळीसारखा बाहेर फेकू शकतात; हाच नेटोसिस. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लुरोसंट रंग देऊन पाहिले तर खंडांत विभागलेले, आखीव केंद्रक आधी फुगून गोल आणि पुसट होते, मग पेशीची कड नाहीशी होते आणि तिच्या जागी लांबवर पसरलेले विस्कटलेले तंतू दिसतात, ज्यांना मायलोपेरॉक्सिडेज आणि इलास्टेज ही न्यूट्रोफिलमधली विकरे चिकटलेली असतात. हा डीएनए उलगडण्यासाठी पीएडी-४ हे विकर, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांतील आर्जिनिनचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करते, आणि येथेच आमवाताशी गाठ पडते.

अँटी-सीसीपी ही चाचणी ज्या प्रतिपिंडांचा शोध घेते, ती याच सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्ध असतात. आमवातात तपासला जाणारा दुसरा प्रतिपिंड, आरए फॅक्टर, हेपॅटायटिस-सी मध्ये, इतर स्वप्रतिकार विकारांत आणि वयस्कर निरोगी माणसांतही सापडतो; अँटी-सीसीपीची विशिष्टता मात्र ९५ टक्क्यांच्या घरात आहे आणि ती प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमवाताच्या रुग्णांच्या न्यूट्रोफिलमध्ये जाळी सोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, त्या जाळ्यांत सिट्रुलिनयुक्त प्रथिने होती, आणि प्रतिपिंडांमुळे जाळी सोडणे आणखी वाढत होते. म्हणजे मृत्यूतून प्रतिजन, प्रतिजनातून प्रतिपिंड आणि प्रतिपिंडातून पुन्हा मृत्यू, असे हे चक्र फिरते. धूम्रपानाने फुप्फुसात सिट्रुलिनीकरण वाढते. हिरड्यांच्या जुनाट रोगातील पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूकडे तर सिट्रुलिनीकरण करणारे स्वतःचे विकर आहे. चक्राची सुरुवात सांध्याबाहेर होत असावी, या मताला बळ मिळते ते यामुळेच.

या चक्राचे रक्तातील दर्शक म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज आणि डीएनए यांचे जोडसंयुग आणि सिट्रुलिनयुक्त हिस्टोन-एच-३. धागालेखकांच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे यांतून मिळतात, कारण पेशी कोणती हे मायलोपेरॉक्सिडेजवरून बऱ्यापैकी कळते आणि मृत्यूची रीत हिस्टोनवरून. नुसत्या मुक्त डीएनएपेक्षा हे कितीतरी बरे.

शंकासुर

टीएनएफबाबतचे उत्तर पटले. सूक्ष्मदर्शी यांच्या मुद्द्यावर मात्र हरकत आहे. न्यूट्रोफिल जाळी तर जंतुसंसर्गात, ल्युपसमध्ये, रक्ताची गुठळी होण्यात आणि कर्करोगातही सोडतात. मग रुग्णाच्या रक्तात हे जोडसंयुग वाढलेले सापडले, तर ते आमवाताचे कशावरून?

आकडेमोड

शंकासुर यांच्या हरकतीला संख्याशास्त्राच्या बाजूने दुजोरा देतो. या विषयावरील अनेक अभ्यासांची रचना ठरावीक असते. आमवाताचे काही रुग्ण आणि त्यांच्या वयाचे तितकेच निरोगी लोक घ्यायचे, दोन्हीकडे दर्शक मोजायचे आणि फरक लक्षणीय आहे असे दाखवून आरओसी वक्र, म्हणजे चाचणी दोन गटांना किती नीट वेगळे करते हे दाखवणारा आलेख, काढायचा. पण दवाखान्यात डॉक्टरांसमोर ठणठणीत माणूस बसलेला नसतो. आमवात आहे, सोरायसिसचा संधिवात आहे, विषाणूजन्य तापानंतरची सांधेदुखी आहे की गाउट, असा प्रश्न त्यांच्यापुढे असतो, आणि या सर्वांत दाह असतो, या सर्वांत पेशी मरतात. निरोगी लोकांच्या तुलनेत देखणा दिसणारा वक्र अशा तुलनेत पार सपाट होऊ शकतो.

दुसरे असे, की सहसंबंध काढताना तोच दर्शक डीएएस-२८ शी जुळतो असे अभिमानाने लिहिले जाते. डीएएस-२८ मध्ये ईएसआर किंवा सीआरपी आधीच घातलेला आहे. नवा दर्शक निव्वळ सीआरपीच्या मागे फरफटत जात असेल तरी तो सहसंबंध दिसेलच. विचारायला हवे ते असे, की सीआरपी आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या माहीत असताना हा दर्शक त्यांत नवी माहिती घालतो का? वर्षभरानंतर एक्स-रेमध्ये हाडांची झीज कोणाला होईल, किंवा औषध कमी केल्यावर रोग कोणात उसळेल, हे तो आधी सांगू शकतो का? या प्रश्नासाठी त्याच रुग्णांचा वेळोवेळी पाठपुरावा करावा लागतो, आणि ते कष्टाचे काम असते.

सूक्ष्मदर्शी

हरकत मान्य आहे. निदानासाठी ही चाचणी वापरावी असा माझा दावा नाही. निदानासाठी अँटी-सीसीपी तिच्याहून सरस आहे. मला ती रोगाची यंत्रणा समजण्यासाठी मोलाची वाटते. शिवाय जोडसंयुग मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात आणि सर्वमान्य प्रमाण द्रावण नसल्यामुळे एका अभ्यासातला आकडा दुसऱ्या अभ्यासाशी ताडून पाहता येत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

सांधेकरी

एवढे सगळे वाचून मनात आलेला प्रश्न सरळ विचारते. आज माझ्यासारख्या रुग्णाने यांतली कोणती नवी चाचणी स्वतःहून करून घ्यावी?

वातचिकित्सक

पेशीमृत्यूची म्हणावी अशी एकही नाही. एचएमजीबी-१, मुक्त डीएनए, सिट्रुलिनयुक्त हिस्टोन, केराटिन-१८ चे तुकडे, हे सारे आज संशोधनाच्या कक्षेत आहेत. त्यांचा आकडा वाढला म्हणून मी औषध वाढवणार नाही आणि कमी झाला म्हणून थांबवणार नाही. केराटिन-१८ विषयी तर माझे मत अधिकच कडक आहे, कारण ते प्रथिन मुख्यतः अवयवांच्या अस्तरत्वचेच्या पेशींत असते. यकृताच्या आजारात त्याचे तुकडे मोजणे समजू शकते, पण सांध्याचे अस्तर त्या जातीच्या पेशींचे बनलेलेच नाही. आमवाताच्या रुग्णात ते वाढलेले दिसले तर मला आधी यकृताची आठवण येईल, विशेषतः रुग्ण यकृताला बाधू शकणाऱ्या मेथोट्रेक्सेटवर असेल तर.

व्यवहाराच्या सर्वांत जवळ आलेला दर्शक कॅलप्रोटेक्टिन हा आहे. ते न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांच्या आत भरपूर असते आणि त्या पेशी उत्तेजित झाल्या किंवा मेल्या की बाहेर पडते. ते यकृताकडून येत नाही, सूज असलेल्या जागीच सुटते, म्हणून सीआरपी मर्यादेत असतानाही अल्ट्रासाउंडवरील दाहाशी त्याचा मेळ बसल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांत त्याचा उपयोग होईल, अशी मला आशा वाटते. तरीही उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला अद्याप स्थान नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचे काय, तर सक्रिय रोग असताना दर एक ते तीन महिन्यांनी कोणीतरी सांधे प्रत्यक्ष मोजले पाहिजेत. तीन महिन्यांत सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत ठरवलेले लक्ष्य गाठले नसेल, तर उपचार बदलायला हवेत. युरोपीय संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात. भेटीला जाताना सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो आणि कोणती पेरे सुजतात, याची लेखी नोंद सोबत न्यावी.

पेशीवाचक (धागालेखक)

कॅलप्रोटेक्टिनच्या बाबतीत माझाही कल तिकडेच आहे, फक्त ते पेशी जिवंतपणी सोडते की मरताना, हे त्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. त्याला पेशीमृत्यूच्या यादीत टाकणाऱ्या लेखांशी त्यामुळे मी सहमत नाही. मी त्याला दाहाच्या बाजूलाच ठेवेन. नलिका, याच्या नमुन्यालाही मुक्त डीएनएसारखीच अडचण येते का?

नलिका

होय, आणि कारणही तेच. रक्त गोठताना नळीतले न्यूट्रोफिल कॅलप्रोटेक्टिन सोडतात, त्यामुळे सीरममधला आकडा ईडीटीए प्लाझ्मापेक्षा जास्त येतो आणि नमुना किती वेळ ठेवला होता यावरही अवलंबून राहतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या किटचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. एखाद्या अभ्यासासाठी तुमचे रक्त वेळोवेळी घेतले जाणार असेल, तर प्रत्येक वेळी नळी त्याच प्रकारची आहे ना आणि किट तेच आहे ना, एवढे विचारून घ्यावे. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनची चाचणी निराळी आहे; ती आतड्याच्या दाहासाठी करतात आणि तिच्या मर्यादा रक्ताला लावू नयेत. आमच्याकडे ही गल्लत करून आलेल्या मागणीपत्रावर आम्ही नमुना घेण्याआधी डॉक्टरांना फोन करतो.